सॅक्रॅमेंटोचा सॅमन आणि धरणाच्या तळाचे थंड पाणी

धरणातून पाणी सोडले की नदी जिवंत राहिली, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. विसर्ग किती क्युसेक, आवर्तने किती, साठा किती टक्के, एवढ्यावर पाण्याची चर्चा संपते. सोडलेले पाणी किती थंड आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मात्र एका मोठ्या धरणाचे उन्हाळी नियोजन गेली साडेतीन दशके याच प्रश्नाभोवती फिरत आहे. त्याला कारण ठरला आहे एक मासा.

सॅक्रॅमेंटो नदीवरील शास्ता धरण १९४५ मध्ये पूर्ण झाले. उंची ६०२ फूट आणि साठवणक्षमता सुमारे १९८ टीएमसी, म्हणजे आपल्या कोयनेच्या जवळजवळ दुप्पट. त्याच्या खाली सुमारे पंधरा किलोमीटरवर १९५० मध्ये केसविक धरण उभे राहिले. या दोन भिंतींनी ‘हिवाळी चिनूक’ या सॅमन माशाची वाट कायमची अडविली. समुद्रात वाढणारा हा मासा अंडी घालण्यासाठी नदीत परततो. त्याचे नाव नदीत शिरण्याच्या हंगामावरून पडले आहे. अंडी मात्र तो ऐन उन्हाळ्यात, प्रामुख्याने जून-जुलैमध्ये घालतो. पूर्वी त्यासाठी त्याला मॅक्लाउडसारख्या झऱ्यांच्या पाण्यावर पोसलेल्या थंडगार नद्या उपलब्ध होत्या. आता त्याच्या वाट्याला केसविकखालचा, रेडिंग शहरालगतचा नदीचा तुकडा तेवढा उरला आहे. आणि तेथे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो.

येथेच या प्रकरणातील विरोधाभास आहे. ज्या धरणाने माशाचे घर हिरावले, त्याच धरणाच्या तळाशी असलेले पाणी आज त्याला जगविते. खोल जलाशयात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वरचा थर तापतो आणि हिवाळ्यात साठलेले जड, थंड पाणी तळाशी राहते. सॅमनची अंडी नदीतळाच्या खड्यांत पुरलेली असतात आणि भोवतालच्या वाहत्या पाण्यातूनच प्राणवायू घेतात. पाणी तापले की अंड्यांची प्राणवायूची गरज वाढते, तर पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. म्हणून नदीच्या ठराविक टप्प्यापर्यंत ५६ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १३.३ अंश सेल्सियस, ही मर्यादा १९९० मध्ये राज्याच्या जलनियंत्रण मंडळाने घालून दिली. पुढे अंड्यांसाठी ५३.५ अंशांचे आणखी कडक उद्दिष्ट पुढे आले.

तोपर्यंत पुष्कळ नुकसान होऊन गेले होते. १९६९ मध्ये एक लाखाहून अधिक असलेली परतणाऱ्या माशांची संख्या १९९१ मध्ये दोनशेच्या आसपास आली. १९८९ मध्ये केंद्रीय कायद्याखाली ‘धोक्यात’ ठरलेला हा मासा १९९४ मध्ये ‘संकटग्रस्त’ घोषित झाला. १९९२ च्या कायद्याने या खोऱ्यातील केंद्रीय प्रकल्पाचे आठ लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे ३५ टीएमसी पाणी दरवर्षी मासे व वन्यजीवांसाठी बाजूला काढले.

तळाचे पाणी सोडण्याची तांत्रिक अडचणही होती. वीजनिर्मितीचे नळ धरणात बरेच वर होते, त्यामुळे थंड पाणी हवे असल्यास ते खालच्या दारांतून, जनित्रांना वगळून सोडावे लागे आणि विजेवर पाणी सोडावे लागे. १९९७ मध्ये सुमारे आठ कोटी डॉलर खर्चून धरणाच्या जलाशयाकडील अंगाला पोलादाची प्रचंड रचना बसविली गेली. वेगवेगळ्या पातळ्यांवरील झडपा उघडून हव्या त्या थरातील पाणी जनित्रांकडे नेण्याची सोय तीत आहे. वसंतात वरचे कोमट पाणी वापरायचे आणि तळाचे थंड पाणी उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत पुरवायचे, असा हा हिशेब आहे.

यंत्राने झडपा उघडतील, पण थंड पाणी निर्माण होणार नाही. २०१४ च्या दुष्काळात ते सप्टेंबरपूर्वीच संपत आले. एरवी साधारण पाव हिस्सा अंडी तगून पिल्ले खाली येतात. त्या वर्षी जवळपास ९५ टक्के अंडी-पिल्ले नष्ट झाली. २०१५ मध्ये जलाशयातील तापमापक सदोष असल्याचे लक्षात आले. अंदाजापेक्षा थंड पाणी कमी होते, ऐन हंगामात विसर्ग घटवावा लागला, आणि परिणाम तोच झाला. हिवाळी चिनूक बहुधा तिसऱ्या वर्षी परततो. त्यामुळे लागोपाठ दोन वर्षे बुडणे म्हणजे तीनपैकी दोन पिढ्या बुडणे होय. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या मत्स्यबीज केंद्राने त्या काळात नेहमीच्या सुमारे तिप्पट पिल्ले तयार केली, म्हणूनच वंश टिकला असे म्हणावे लागते. २०२१ मध्ये तर जगण्याचे प्रमाण तीन टक्क्यांच्याही खाली गेले.

शेतकऱ्यांची बाजू पोकळ नाही. धरणापूर्वीपासून नदीच्या पाण्यावर हक्क असलेल्या भातउत्पादकांना करारानुसार अवर्षणातही ७५ टक्के पाणी मिळावयास हवे. २०२२ मध्ये त्यांना सुमारे १८ टक्केच मिळाले आणि सॅक्रॅमेंटो खोऱ्यातील जवळपास निम्मी भातशेती पडीक राहिली. तरीही माशाच्या पदरात फारसे पडले नाही. एप्रिल-मेमध्ये धरणात जे पाणी राखले नाही, त्याची भरपाई ऑगस्टमध्ये कोणत्याही कपातीने होत नाही, हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. शरद ऋतूत विसर्ग एकदम कमी केला तर काठालगतच्या उथळ पाण्यातील अंडी उघडी पडतात, ही आणखी एक कसरत.

त्याच २०२२ च्या जुलैमध्ये शास्याच्या वर, मॅक्लाउड नदीत हिवाळी चिनूकची अंडी ठेवण्यात आली. या धरणाखाली ज्यांची गावे बुडाली, त्या विन्नेमेम विंटू जमातीचे लोक केंद्र व राज्याच्या मत्स्यखात्यांसह या कामात सहभागी होते. मॅक्लाउडच्या थंड पाण्यात पिल्ले वाढली. समुद्राकडे जाण्यासाठी मात्र त्यांना सापळ्यांत पकडून, मालमोटारीने धरणाच्या खाली आणून सोडावे लागते.