शिवकल्याण राजा (ध्वनिमुद्रिका)

शिवकल्याण राजा ही छत्रपती शिवाजी महाराजांवरील काव्यरचनांची चित्रपटबाह्य मराठी ध्वनिमुद्रिका असून ती १९७४ साली प्रकाशित झाली. संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे, प्रमुख स्वर लता मंगेशकर यांचा आणि निवेदन शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांचे आहे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेल्या राज्याभिषेकाला त्या वर्षी ३०० वर्षे पूर्ण होत होती. ध्वनिमुद्रिकेचे निमित्त तेच.

पार्श्वभूमी

लता मंगेशकर यांचा मुख्य व्यवसाय चित्रपटांसाठी पार्श्वगायन हा होता. त्याच्या जोडीने धाकटे बंधू हृदयनाथ यांच्यासह त्यांनी ज्ञानेश्वरांच्या व मीराबाईंच्या रचना आणि गालिबच्या गझला अशा चित्रपटबाह्य ध्वनिमुद्रिकाही केल्या. या कामाचे वैशिष्ट्य असे, की येथे चालीला शब्द पुरवलेले नसतात. आधी लिहून झालेल्या कवितेला चाल शोधावी लागते. प्रस्तुत ध्वनिमुद्रिका त्याच वाटेवरची आहे.

रचना

यातील कवी एका काळातले नाहीत. समर्थ रामदास आणि भूषण हे शिवकालीन, तर गोविंदाग्रज, वि. दा. सावरकर व कुसुमाग्रज हे विसाव्या शतकातले. साहजिकच भाषा, छंद आणि दृष्टी यांत मोठे अंतर आहे. ते अंतर बुजवण्याचे काम पुरंदरे यांचे निवेदन करते. प्रसंग उभा राहतो आणि मग गीत सुरू होते.

रामदासांच्या ‘निश्चयाचा महामेरू’ आणि ‘आनंदवनभुवनी’ या रचना येथे आहेत. दुसरी मूळ रचना दीर्घ असल्याने तिच्यातील निवडक कडवीच गायली आहेत. समर्थ व शिवराय यांची पहिली भेट केव्हा झाली आणि त्यांचे नाते नेमके कोणते होते, याविषयी इतिहासकारांत तीव्र मतभेद आहेत. ध्वनिमुद्रिका हा वाद निकालात काढत नाही, काढू शकतही नाही. अभ्यासकाने ती काव्य म्हणून ऐकावी, पुरावा म्हणून नव्हे.

भूषणाचे ‘इंद्र जिमि जंभ पर’ हे कवित्त ब्रज भाषेतील आहे. उपमांमागून उपमा आणि अनुप्रासाचा सततचा मारा यांमुळे ते नुसते म्हणतानाही जीभ अडखळते. लताबाईंचे स्पष्ट शब्दोच्चार येथे खऱ्या अर्थाने कसाला लागले आहेत, आणि ब्रज न जाणणाऱ्या मराठी श्रोत्यालाही त्या रचनेचा आवेश थेट पोचतो.

कुसुमाग्रजांच्या दोन कविता या संचाचा गाभा मानाव्या लागतील. ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ ही कविता सरनौबत प्रतापराव गुजर यांच्यावर आहे. उमराणीच्या लढाईनंतर शरण आलेल्या बहलोलखानाला त्यांनी सोडून दिले, त्याबद्दल महाराजांनी कठोर शब्दांत ठपका ठेवला. पुढे २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ (आजचा गडहिंग्लज तालुका) प्रतापराव सहा साथीदारांसह शत्रुसैन्यावर तुटून पडले व सातही जण मारले गेले. राज्याभिषेक त्यानंतर साडेतीन महिन्यांच्या आतच झाला. ही रचना जुना पोवाडा आहे असा समज विद्यार्थ्यांत वारंवार आढळतो. तो चुकीचा आहे. ‘सरणार कधी रण’ मध्ये जखमी बाजीप्रभू देशपांडे बोलतात. येथे वेग नाही. महाराज गडावर पोचल्याचा इशारा केव्हा मिळतो याची वाट पाहणे आहे, आणि चालही तशीच ताणलेली, वेदनेने जड झालेली आहे. वीररस म्हणजे केवळ गर्जना असे मानणाऱ्याने ही दोन गीते लागोपाठ ऐकावीत.

गोविंदाग्रजांचे ‘गुणि बाळ असा’ हे जिजाऊंच्या तोंडचे अंगाईगीत आहे. साऱ्या संचातील ही सर्वांत हळुवार जागा. सावरकरांचे ‘हे हिंदुनृसिंहा’ मात्र सामुदायिक गायनाच्या धाटणीचे आहे.

प्रसार

तबकडीनंतर ही गीते कॅसेट व सीडी या रूपांतही उपलब्ध झाली. शिरूर, दौंडसारख्या तालुक्यांत शिवजयंतीला ध्वनिक्षेपकावर आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत ती आजही ऐकू येतात. अशा वेळी पुरंदरे यांचे निवेदन बहुधा गाळले जाते, त्यामुळे प्रतापराव कोण आणि बाजीप्रभू कोणत्या खिंडीत उभे होते, हे ऐकणाऱ्या मुलांना वेगळे सांगावे लागते.