डावा कोपरा

आमच्या वज्रेश्वरीत कबड्डीचा संघ पावसाळ्याआधी बांधला जायचा. चैत्र अमावस्येची जत्रा झाली की सामने संपत, पुढे भातलावणी. त्या मधल्या दिवसांत पुढच्या हंगामाचे सात कोण, याचा निकाल लागे. कुणाला भिवंडीच्या यंत्रमागावर रातपाळी लागलेली असे. तो गडी गेलाच. मी डावा कोपरा खेळायचो, त्यामुळे माझा जीव शेजारच्या मध्यरक्षकात अडकलेला. तो बदलला की हातात हात धरून पकडायची साखळी नव्याने शिकायची. मी पाय धरायला झेपावणार हे त्याला न सांगता कळावं लागतं.

मुंबईत हीच बांधणी नोकरीवर चाले. महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम यांचे संघ पोरं हेरत. चांगला खेळाडू नोकरीत लागला की वर्षानुवर्षं तिथेच. त्याच्या घरी पगार येई आणि संघाला टिकाऊ जोड्या मिळत.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग आली आणि खेळाडूंचा लिलाव सुरू झाला. मुंबईच्या यू मुंबा संघाने २०१५ मध्ये विजेतेपद मिळवलं ते अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली. २०१८ साली तो जयपूरच्या संघात गेला. यू मुंबाने त्या वर्षी इराणच्या फजल अत्राचलीला १ कोटीला घेतलं. तो डावा कोपरा. आपल्या कल्याणचा गिरीश इर्नाकही डावा कोपराच. ही जागा महाग झाली, याचं मला मनापासून समाधान आहे.

पण पैसा नेमका कुठे टाकायचा, हे मला पुणेरी पलटणने दाखवलं. २०२२ मध्ये फजल त्यांच्याकडे होता. जयपूरकडून २९-३३ असा अंतिम सामना हरल्यावर त्यांनी त्याला सोडलं आणि २०२३ च्या लिलावात त्याचाच देशबांधव मोहम्मदरेझा शादलूला २.३५ कोटी मोजले. प्रत्येक संघाची थैली ५ कोटींची, म्हणजे जवळजवळ निम्मी रक्कम एका कोपऱ्यावर. हे परवडलं, कारण नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे चढाईपटू त्यांनी नवखे असल्यापासून घडवले होते, आणि मध्यरक्षक संकेत सावंत व अबिनेश नादराजन जागचे हलले नव्हते. बदलला तो कोपरा. आतली जोडी तीच. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सना २८-२५ असं हरवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली.

मग पुण्याने शादलूलाही सोडलं. मला ते आजही पटत नाही. हरलेल्या हरियाणाने त्याला २.०७ कोटींना उचललं. त्यांचा कर्णधार जयदीप दहिया मध्यरक्षक, राहुल सेठपाल उजव्या कोपऱ्यात. तिघांची पकड बसली. २९ डिसेंबर २०२४ ला, पुण्यातच, बालेवाडीत, अंतिम सामन्यात हरियाणाने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असं हरवलं. त्यानंतरच्या लिलावात शादलू गुजरात जायंट्सकडे गेला, २.२३ कोटींना.