सिग्नल (कार्यप्रणाली)

सिग्नल : युनिक्स आणि त्याच्या कुळातील लिनक्स, बीएसडी, मॅकओएस या कार्यप्रणालींत एखादी घटना घडल्याचे चालू प्रोसेसला कळवणारी कर्नलची सूचना. सिग्नलचा मुख्य ऐवज म्हणजे एक क्रमांक. मजकूर त्यात नसतो. वापरकर्त्याने कंट्रोल-सी दाबले, प्रोग्रॅमने आपल्या नसलेल्या स्मृतिस्थानाला हात घातला, लावलेला गजर झाला, उपप्रोसेस संपली, अशा एकमेकींशी संबंध नसलेल्या घटना याच एका वाटेने प्रोसेसपर्यंत पोचतात. सिग्नल केव्हा येईल हे प्रोसेसला आधी ठाऊक नसते. प्रोग्रॅमच्या कोणत्याही दोन आज्ञांच्या मध्ये तो येऊ शकतो. या यंत्रणेची उपयुक्तता आणि तिच्यातला धोका ही दोन्ही याच गुणधर्मातून उद्भवतात.

इतिहास : बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून घडवलेल्या युनिक्समध्ये सिग्नल अगदी सुरुवातीच्या काळापासून आहेत. मात्र १९७९ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत ते भरवशाचे नव्हते. सिग्नल हाताळण्यासाठी प्रोग्रॅमने नेमलेले फंक्शन, म्हणजे हँडलर, एकदा चालले की त्याची नेमणूक आपोआप रद्द होई आणि हँडलरला स्वतःची पुन्हा नेमणूक करून घ्यावी लागे. मधल्या क्षणात तोच सिग्नल दुसऱ्यांदा आला तर प्रोसेस मरत असे. नाजूक काम चालू असताना सिग्नल थोपवून धरण्याची सोयही नव्हती. १९८३ च्या ४.२ बीएसडीने टिकून राहणारे हँडलर आणि सिग्नल थोपवणारा मास्क आणून ही उणीव दूर केली. १९८८ च्या पॉझिक्स मानकाने हीच पद्धत सिगअ‍ॅक्शन या फंक्शनच्या रूपाने सर्वांसाठी पक्की केली. १९९३ मध्ये त्या मानकात रिअल-टाइम सिग्नलांची भर पडली.

उगम : सिग्नल चार ठिकाणांहून येतात. पहिले ठिकाण प्रोसेसची स्वतःचीच कृती. पूर्णांकाला शून्याने भागले तर इंटेलच्या प्रोसेसरवर सिगएफपीई येतो, अवैध स्मृतिस्थान वाचले तर सिगसेगव्ही. येथे हार्डवेअर अपवाद उपस्थित करते आणि कर्नल त्याचे रूपांतर सिग्नलमध्ये करतो. दुसरे ठिकाण टर्मिनल. कंट्रोल-सीने सिगइंट, कंट्रोल-झेडने सिगटीस्टॉप जातो, आणि तो एका प्रोसेसला न जाता त्या टर्मिनलच्या अग्रभागी असलेल्या गटातील सर्व प्रोसेसना जातो. पाइपने जोडलेल्या चार आज्ञा एका कंट्रोल-सीत थांबतात त्या यामुळे. तिसरे ठिकाण कर्नल : गजराचा सिगअलार्म, उपप्रोसेस संपल्याचा सिगचाइल्ड, पलीकडे वाचणारे कोणी न उरलेल्या पाइपमध्ये लिहिल्यास येणारा सिगपाइप. चौथे ठिकाण दुसरी प्रोसेस. ती किल हा सिस्टीम कॉल वापरते. नावावरून तो फक्त मारण्यासाठी आहे असे वाटते, पण त्याने कोणताही सिग्नल पाठवता येतो. सामान्य वापरकर्त्याला असे सिग्नल स्वतःच्याच प्रोसेसना पाठवता येतात. रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याला हे बंधन नसते.

प्रकार व मूळ वर्तन : लिनक्समध्ये इंटेल प्रोसेसरवर १ ते ३१ हे नेहमीचे सिग्नल आहेत. त्यांच्यापुढे ६४ पर्यंतचे क्रमांक रिअल-टाइम सिग्नलांसाठी राखलेले आहेत. हँडलर नेमलेला नसेल तर पाचपैकी एक गोष्ट घडते : प्रोसेस संपते, संपताना आपल्या स्मृतीची प्रत म्हणजे कोअर फाइल मागे ठेवते, थांबते, थांबलेली पुन्हा चालू होते, किंवा सिग्नल दुर्लक्षिला जातो. प्रोग्रॅम हे वर्तन बदलू शकतो. अपवाद फक्त दोन सिग्नलांचा : सिगकिल (क्रमांक ९) आणि सिगस्टॉप (क्रमांक १९). त्यांना हँडलर नेमता येत नाही, ते थोपवता येत नाहीत आणि दुर्लक्षितही करता येत नाहीत. बेलगाम झालेल्या प्रोसेसवर व्यवस्थापकाचा ताबा राहावा म्हणून ही तरतूद आहे.

पोचण्याची प्रक्रिया : सिग्नल निघणे आणि पोचणे या दोन वेगळ्या घटना आहेत. सिग्नल निघाला की लिनक्सचा कर्नल त्या प्रोसेसच्या प्रलंबित संचात त्याची खूण करतो. प्रोसेस जागी करता येण्याजोग्या झोपेत असेल तर तिला उठवतो. तिचे काम दुसऱ्या प्रोसेसरवर चालू असेल तर त्या प्रोसेसरला व्यत्यय पाठवून कर्नलमध्ये यायला लावतो. सिग्नल प्रत्यक्ष पोचतो तो प्रोसेस कर्नलमधून वापरकर्त्याच्या कक्षेत परतत असताना. सिस्टीम कॉल किंवा व्यत्यय संपवून परत जाण्याआधी कर्नल प्रलंबित संच पाहतो आणि मास्कने न थोपवलेला सिग्नल उचलतो.

हँडलर नेमलेला असेल तर कर्नल प्रोसेसच्या स्टॅकवर एक चौकट रचतो. तिच्यात सर्व रजिस्टरांची मूल्ये आणि जुना मास्क जपून ठेवतो आणि पुढची आज्ञा म्हणून हँडलरचा पत्ता देतो. हँडलर चालू असताना तोच सिग्नल सहसा थोपवलेला असतो. हँडलर संपला की सिगरिटर्न हा सिस्टीम कॉल होतो, चौकटीतील मूल्ये रजिस्टरांत परत भरली जातात आणि प्रोग्रॅम जिथे तुटला तिथून पुढे चालू लागतो. चौकट खरोखर आपणच रचली होती का, याची नोंद कर्नल ठेवत नाही. या कच्च्या दुव्याचा वापर करून खोट्या चौकटीने प्रोग्रॅमवर ताबा मिळवण्याचे तंत्र एरिक बोसमन व हर्बर्ट बोस यांनी २०१४ मध्ये मांडले.

नेहमीच्या सिग्नलांची रांग लागत नाही. सिगचाइल्ड थोपवलेला असताना पाच उपप्रोसेस संपल्या तरी नोंद एकच राहते. म्हणून हँडलरने संपलेल्या सर्व उपप्रोसेसची विचारपूस एकाच फेरीत करायची असते, नाहीतर त्या झोंबी होऊन यादीत पडून राहतात. रिअल-टाइम सिग्नल मात्र रांगेत उभे राहतात, क्रमाने पोचतात आणि सोबत एक छोटे मूल्य नेऊ शकतात. वाचनासारख्या सिस्टीम कॉलमध्ये अडकून राहिलेल्या प्रोसेसला सिग्नल आला तर तो कॉल ‘इइंटर’ ही त्रुटी देऊन अर्ध्यावर परततो. सिगअ‍ॅक्शनला तसे सांगून ठेवले असेल तर असे अनेक कॉल आपोआप पुन्हा सुरू होतात.

डिस्कच्या कामासाठी न मोडता येणाऱ्या झोपेत गेलेली प्रोसेस सिगकिललाही दाद देत नाही. पीएस आज्ञेच्या यादीत ती ‘डी’ अवस्थेत दिसते. हा त्रास कमी करण्यासाठी २००८ च्या लिनक्स २.६.२५ मध्ये केवळ मारक सिग्नलने मोडणारी झोप आणली गेली.

थ्रेड व नव्या प्रोसेस : हँडलर संपूर्ण प्रोसेसचे असतात, मास्क प्रत्येक थ्रेडचा स्वतंत्र. अवैध स्मृतिस्थानासारखा सिग्नल चूक करणाऱ्या थ्रेडलाच मिळतो. प्रोसेसला उद्देशून आलेला सिग्नल मात्र तो न थोपवणाऱ्या कोणत्याही एका थ्रेडला मिळू शकतो. फोर्कने जन्मलेल्या प्रोसेसकडे हँडलर व मास्क वारशाने येतात, प्रलंबित सिग्नल येत नाहीत. एक्झेकने नवा प्रोग्रॅम चढवला की हँडलर पुसले जातात, पण दुर्लक्षित ठेवलेले सिग्नल दुर्लक्षितच राहतात. टर्मिनल बंद झाल्यावर येणाऱ्या सिगहपपासून प्रोग्रॅमला वाचवणारी नोहप ही आज्ञा याच नियमावर उभी आहे.

सुरक्षितता : हँडलर लिहिताना सर्वांत मोठी चूक होते ती त्यात नेहमीची फंक्शने बोलावण्याची. स्मृती मागणारे मॅलॉक आपली अंतर्गत यादी बदलत असताना मध्येच सिग्नल आला आणि हँडलरनेही मॅलॉक बोलावले, तर अर्धवट बदललेली यादी बिघडते किंवा प्रोग्रॅम कुलपात अडकतो. प्रिंटएफही याच कारणाने वर्ज्य आहे. हँडलरमध्ये चालणाऱ्या सुरक्षित फंक्शनांची यादी पॉझिक्सने दिली आहे. राइट तिच्यात आहे.

हा नियम मोडण्याची किंमत दूरस्थ लॉगिनसाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएचच्या प्रकरणात दिसली. लॉगिनची मुदत संपली की त्याच्या सर्व्हरला सिगअलार्म मिळे आणि हँडलर सिसलॉग बोलावून नोंद करी. लिनक्सवरील ग्लिबसी या सी लायब्ररीमध्ये सिसलॉग हे सुरक्षित फंक्शन नाही. २००६ मध्ये उघड झालेला या जातीचा दोष दुरुस्त झाला होता. पण ८.५पी१ या आवृत्तीतील एका बदलात संरक्षणाची ओळ गळाली आणि तो परतला. क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी १ जुलै २०२४ रोजी तो जाहीर केला. ओळख न पटवताही दुरून रूटचे अधिकार मिळवता येतील असा हा दोष होता आणि ९.८पी१ मध्ये तो बंद झाला. ओपनबीएसडी त्यातून सुटली, कारण तिथला हँडलर सिसलॉगची सुरक्षित आवृत्ती वापरत होता.

यावरचे उपाय रुळलेले आहेत. हँडलरने फक्त एक खूणचल बदलावे आणि खरे काम मुख्य फेरीत करावे. दुसरा उपाय डी. जे. बर्नस्टाइन यांच्या नावाने ओळखला जातो : हँडलर प्रोसेसच्याच पाइपमध्ये एक बाइट लिहितो आणि मुख्य फेरी इतर फाइलांसोबत त्या पाइपवरही नजर ठेवते. २००७ च्या लिनक्स २.६.२२ मध्ये आलेल्या सिग्नलएफडीमुळे सिग्नल थेट फाइलसारखे वाचता येतात.

व्यवस्थापनातील वापर : सेवा बंद करताना आधी सिगटर्म (क्रमांक १५) पाठवण्याची रीत आहे. प्रोग्रॅमला हातातले काम पुरे करून फाइली बंद करण्याची संधी मिळते. कंटेनर चालवणाऱ्या प्रणालींपैकी डॉकर सिगटर्मनंतर १० सेकंद आणि कुबरनेटीस ३० सेकंद थांबून मगच सिगकिल पाठवतात. हे आकडे बदलता येतात. कंटेनरमध्ये क्रमांक १ ची प्रोसेस असलेल्या प्रोग्रॅमने सिगटर्मचा हँडलर नेमला नसेल, तर कर्नल तो सिग्नल टाकून देतो आणि मुदत वाया जाते. सिग्नलने मेलेल्या प्रोसेसचा निकाल शेल १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक असा दाखवते. म्हणून १३७ दिसले तर सिगकिल, १३९ दिसले तर सिगसेगव्ही समजावे.

विंडोजमध्ये ही यंत्रणा नाही. तिथे कंट्रोल-सीसाठी प्रोसेसमध्ये वेगळा थ्रेड सुरू होतो आणि हार्डवेअर दोषांसाठी अपवाद हाताळण्याची स्वतंत्र रचना आहे.

मूल्यमापन : सिग्नल हे माहितीच्या देवाणघेवाणीचे साधन नव्हे. त्यासाठी पाइप व सॉकेट आहेत. थांब, संप, सेटिंग पुन्हा वाच एवढे कळवायला मात्र सिग्नलइतके स्वस्त साधन नाही. हँडलर जितका छोटा, तितका प्रोग्रॅम सुरक्षित. आणि सिगकिल हा व्यवस्थापकाचा शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे.