पन्ह्याचा पेला कोणाकोणाला?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

चैत्र लागला की मंडईत कैऱ्यांचे ढीग दिसू लागतात आणि घरोघरी पन्ह्याची आठवण निघते. करायला फार काही लागत नाही. तीन-चार कैऱ्या कुकरला लावायच्या. गार झाल्या की साल काढून गर कुस्करायचा. गराच्या दीडपट-दुप्पट गूळ, मीठ, वेलदोड्याची पूड आणि असल्या तर केशराच्या चार काड्या. हा गर बरणीत भरून ठेवला की आल्यागेल्याला दोन चमचे गार पाण्यात ढवळून पेला पुढे करता येतो.

एवढ्याशा पेयाला इतिहास तो काय असणार, असं आपल्याला वाटेल. पण ‘पन्हं’ हा शब्दच संस्कृत ‘पानक’पासून आलेला आहे, आणि फळांच्या पेयांची परंपरा तर फार जुनी.

विनयपिटकातल्या महावग्गात एक गोष्ट आहे. बौद्ध भिक्षूंना दुपारनंतर जेवण वर्ज्य. पण केणिय नावाच्या जटाधारी तपस्व्यानं बुद्धांसाठी पेय तयार करून आणलं. त्या निमित्तानं बुद्धांनी भिक्षूंना आठ पेयांची परवानगी दिली. त्यांत आंबा, जांभूळ, द्राक्ष, फालसा आणि केळीचे दोन प्रकार आहेत. मध आणि कमळकंद हे उरलेले दोन. फुलांचे रसही चालतील, असं पुढे म्हटलं आहे; वगळलं आहे ते मोहाचं फूल. मोहापासून दारू होते, हे आपल्याला माहीत आहेच. भिक्षूंना मद्य निषिद्ध होतं, तेव्हा कारण तेच असावं. म्हणजे तहान भागवावी पण नशा आणू नये, अशा पेयाचा विचार तेव्हाही झालेला होता.

पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या उपभोगांमध्ये जेवणाप्रमाणेच पेयांचाही स्वतंत्र विचार आहे. मठातलं पानक असं राजाच्या ताटाशेजारीही मानानं बसलं.

आपल्या घरी मात्र ते आलं चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचा हात धरून. गौर महिनाभर झोपाळ्यात बसते आणि त्यातल्या एका दुपारी बायका जमतात. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. मोठा गोड सोहळा! पण हळदीकुंकवाचं आमंत्रण सवाष्णींनाच असे. आमच्या वाड्यात एक विधवा आत्या होत्या. सकाळपासून कैऱ्या उकडून, गूळ चिरून पातेलंभर पन्हं त्याच करायच्या. दुपारी बायका येऊ लागल्या की मागच्या पडवीत जाऊन बसायच्या. चव बरोबर जमली का, हे त्यांना विचारायला कोणी मागे जात नसे. आम्हा मुलांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही, याची आज लाज वाटते.

मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं, हे त्या गावानं नाकारलं. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे हा आदर्श ठेवला. ठरावानं रूढी एका दिवसात जात नाही, हे खरं. पण ज्याला कोणी तोंड फोडत नव्हतं, ते निदान ग्रामसभेच्या कागदावर आलं.

उरलेलं काम आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. भिक्षूला भोजन चालत नव्हतं, तरी त्याला चालेल असं पेय शोधलं गेलं. आपण तर घरातल्याच माणसाला पडवीत बसवलं. तेव्हा यंदा पन्हं कराल तेव्हा दोन कैऱ्या जास्त घ्या, आणि पहिला पेला ज्यांना आजवर बोलावलं नाही त्यांना द्या. गूळ बेताचा झालाय ना, हेही त्यांनाच विचारा.