अतिदक्षता विभाग : घंटा की दिवा?

रुग्णालयांभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असावे, अशी तरतूद २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत करण्यात आली. त्यासाठीची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. हे झाले रस्त्याचे. अतिदक्षता विभागाच्या दाराआड मात्र मॉनिटर, व्हेंटिलेटर आणि औषधांचे पंप अहोरात्र वाजत असतात, आणि त्यांतील बहुतेक आवाज निरर्थक असतात.

सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी ५ अतिदक्षता विभागांतील ७७ खाटांवरील मॉनिटरच्या ३१ दिवसांच्या नोंदी तपासल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार तेवढ्या काळात २५ लाख ५८ हजार ७६० इशारे नोंदले गेले. त्यांपैकी प्रत्यक्ष ऐकू येणारे इशारे दर खाटेमागे दिवसाला १८७ होते. हृदयाच्या अनियमित ठोक्यांविषयीचे १२ हजार ६७१ इशारे तज्ज्ञांनी बारकाईने पाहिले, तेव्हा ८८.८ टक्के खोटे निघाले. रुग्णाने कूस बदलली, छातीवरील इलेक्ट्रोड सैल झाला, बोटावरील चिमटा निसटला, की यंत्र ओरडू लागते.

सतत खोटे ऐकणारे कान हळूहळू बधिर होतात. परिचारिका इशाऱ्याकडे उशिरा वळते किंवा आवाजच बंद करून ठेवते. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या 'जॉइंट कमिशन'कडे जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात अशा इशाऱ्यांशी निगडित ९८ दुर्घटनांची नोंद झाली. त्यांतील ८० रुग्ण दगावले.

मग आवाज काढून टाकून केवळ दिव्यावर विसंबावे काय? दिव्यांची भाषा तर ठरलेलीच आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार अतितातडीच्या इशाऱ्यासाठी जलद लुकलुकणारा लाल दिवा, मध्यम इशाऱ्यासाठी संथ लुकलुकणारा पिवळा आणि किरकोळ सूचनेसाठी स्थिर पिवळा किंवा निळसर दिवा असतो. परंतु दिवा दिसण्यासाठी मान त्या दिशेला वळलेली असावी लागते. कानाला ती अट नाही. पलीकडच्या रुग्णाची शिर शोधणाऱ्या परिचारिकेला पाठीमागचा लाल दिवा कसा दिसणार?

शस्त्रक्रियागृहातील उदाहरण याहून बोलके आहे. पल्स ऑक्सिमीटरचा प्रत्येक ठोक्याबरोबर उमटणारा स्वर रक्तातील ऑक्सिजन घटताच खाली उतरतो. भूलतज्ज्ञाची नजर रुग्णाच्या श्वासनलिकेवर असताना त्याला धोका कळतो तो या उतरत्या स्वरामुळे. हा आवाज बंद करणे म्हणजे त्याचे कान बांधण्यासारखे होय.

त्यामुळे आवाजाला सरसकट हद्दपार करण्यापेक्षा त्याची निवड करणे अधिक शहाणपणाचे दिसते. किरकोळ सूचना पडद्यावर राहू द्यावी, मध्यम इशारा संबंधित परिचारिकेच्या हातातील उपकरणावर जावा आणि जीवघेण्या प्रसंगी मात्र दिवा व आवाज दोन्ही असावेत. अर्थात त्यासाठी एका परिचारिकेकडे मोजकेच रुग्ण हवेत. अन्यथा आवाज तिच्या खिशात गेला, एवढाच फरक पडतो.

बोस्टन मेडिकल सेंटरमधील एका हृदयरोग विभागाने तर नवे यंत्रही घेतले नाही. त्यांनी इशाऱ्यांच्या मर्यादा नव्याने ठरवल्या आणि आपोआप थांबणारे इशारे मूक केले. जे इशारे उरले, त्यांची दखल परिचारिकेने खाटेजवळ जाऊन घेतलीच पाहिजे, असा दंडक घातला. आठवड्याला ८७ हजार ८२३ वेळा वाजणारे इशारे ९ हजार ९६७ वर आले.