न शोधतां सांपडलेली गांठ



गेल्या वर्षीं अंगणांत पाय घसरून माझ्या डोक्यास मार लागला. डॉक्टरांनीं मेंदूचा एमआरआय करविला. माराची इजा कांहींच नव्हती. परंतु पिटुइटरी ग्रंथींत ६ मिलिमीटरांची एक गांठ आढळली. "ट्यूमर" हा शब्द ऐकून त्या रात्रीं घरांत कोणाच्या गळ्याखालीं घांस उतरला नाहीं. मग शिक्षकाच्या जुन्या संवयीनें मीं या प्रश्नाचा इतिहास धुंडाळला. तोच आज आपल्यापुढें ठेवितों.

मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी ही ग्रंथि असते. १८८६ सालीं पॅरिसच्या पियेर मारी यांनीं हातपाय व जबडा वाढत जाणाऱ्या रोगाचें वर्णन केलें. या रोगाचें मूळ ग्रंथीच्या गांठींत असल्याचें पुढें कळलें. १९१२ सालीं अमेरिकन शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग यांचा या ग्रंथीच्या विकारांवरील ग्रंथ निघाला. त्या काळीं रोग्याचा चेहरा पालटे किंवा दृष्टि अधू होई, तेव्हांच गांठीची शंका येई.

१९३६ सालीं मात्र कॉस्टेलो या संशोधकानें मृतांच्या १००० ग्रंथी तपासल्या. त्यांपैकीं २२५ ग्रंथींत गांठी निघाल्या; हयातींत त्यांचा उपद्रव जाणवला नव्हता! पुढें १९७१ सालीं हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रानें जिवंत माणसाच्या मेंदूची प्रतिमा प्रथम टिपली. मागोमाग एमआरआय आला. १९९४ सालीं अमेरिकेंत १०० निरोगी स्वयंसेवक तपासले, तों सुमारें दहांत एकाच्या ग्रंथींत गांठीसारखा दोष दिसला. गांठी पूर्वींही होत्या. आमची नजर तेवढी वाढली.

मग करावें काय? २०११ सालीं अमेरिकेच्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेनें यासाठीं नियम घालून दिले. प्रथम रक्तांतील संप्रेरकें तपासावीं. गांठ नेत्रतंतूंस भिडली असेल, तर दृष्टिक्षेत्रही पाहावें. १० मिलिमीटरांहून लहान व निरुपद्रवी गांठीचा एमआरआय वर्षानें पुन्हां करावा. मोठीचा सहा महिन्यांनीं. दृष्टीस धोका असल्यास शस्त्रक्रिया करावी. प्रोलॅक्टिन स्रवणाऱ्या गांठी बहुधा गोळ्यांनींच आटोक्यांत येतात.

वर्गांत निमूट बसलेल्या मुलावर आम्ही छडी उगारीत नसूं. लक्ष मात्र ठेवीत असूं. माझी गांठ वर्षानंतरही तेवढीच आहे. पुढल्या तपासणीची तारीख मीं पंचांगावर लिहून ठेविली आहे, आणि रात्रीं मी स्वस्थ झोंपतों.