मनोरंजन-उद्यानांतील जुनी आकर्षणे : जतन आणि प्रतिस्थापन

मनोरंजन-उद्यानांत दीर्घकाळ चाललेली व लोकांच्या ओळखीची झालेली आकर्षणे काढून त्यांच्या जागी नवी उभारण्याची प्रथा आणि तिच्याविषयीचा लोकवाद. ‘आकर्षण’ या संज्ञेत येथे रोलर कोस्टरसारखी यंत्रे, प्रेक्षकांना देखाव्यांतून फिरविणाऱ्या गाड्या तसेच कृत्रिम नद्या, बेटे व नौका यांचा समावेश होतो. विशिष्ट कल्पनेभोवती रचलेल्या उद्यानांत, म्हणजे थीम पार्कमध्ये, हा वाद विशेष तीव्र होतो. कारण तेथे यंत्र, वास्तू आणि कथानक ही एकजीव झालेली असतात आणि त्या सर्वांवर बहुधा एकाच कंपनीचे नियंत्रण असते. प्रेक्षकांकडे उरते ती केवळ आठवण. या आठवणीला कितपत हक्क मानावयाचा, हा वादाचा मूळ प्रश्न होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील काही उदाहरणांवरून त्याचे स्वरूप स्पष्ट होते.

कोनी आयलंड : न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागातील या समुद्रकिनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मनोरंजन-उद्याने उभी राहिली. त्यांपैकी १८९७ मध्ये स्थापन झालेले स्टीपलचेस पार्क १९६४ च्या हंगामानंतर बंद पडले. जमीनमालक फ्रेड ट्रम्प यांनी १९६६ मध्ये तेथील काचेच्या दर्शनी भागाचे भव्य क्रीडागृह पाडले. त्या वेळी समारंभ भरवून निमंत्रितांना काचांवर विटा फेकावयास दिल्या होत्या. वारसावास्तूंच्या संरक्षणाचा कायदा शहराने १९६५ मध्येच केला होता. तथापि त्याचे संरक्षण या वास्तूस लाभले नाही.

त्याच परिसरात १९२७ मध्ये सुरू झालेल्या सायक्लोन या रोलर कोस्टरचे भवितव्य निराळे ठरले. शेजारच्या मत्स्यालयाच्या विस्तारासाठी तो पाडण्याचा बेत १९७० नंतरच्या काही वर्षांत पुढे आला. लोकांच्या विरोधामुळे तो वाचला आणि डागडुजीनंतर १९७५ मध्ये पुन्हा धावू लागला. १९८८ मध्ये शहराने त्यास संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. स्टीपलचेस पार्कमधील सु. ७६ मी. उंचीच्या हवाईछत्री-मनोऱ्यासही १९८९ मध्ये असा दर्जा मिळाला. परंतु त्यावरून छत्रीने खाली उतरण्याचा खेळ पुन्हा सुरू झाला नाही. कायद्याने सांगाडा टिकतो, खेळ टिकेलच असे नाही, हे या दोन उदाहरणांवरून दिसते. सायक्लोनचे लाकूड वेळोवेळी बदलावे लागते. तेथे जतन म्हणजे जुने साहित्य जसेच्या तसे राखणे नव्हे, तर मूळ अनुभव चालू ठेवणे होय.

डिझ्नी उद्याने : कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिझ्नीलँड सुरू झाले. हे उद्यान कधीच पूर्ण होणार नाही, त्यात सतत भर पडत राहील, अशी त्याचे निर्माते वॉल्ट डिझ्नी (१९०१–६६) यांची भूमिका होती. तेथील ‘टुमॉरोलँड’ या भविष्यकाळाला वाहिलेल्या विभागात बदलाची निकड सर्वांत आधी जाणवली. मॉन्सँटो कंपनीने १९५७ मध्ये तेथे उभारलेले प्लॅस्टिकचे ‘भविष्यातील घर’ दहाच वर्षांत कालबाह्य ठरले. १९६७ मध्ये ते पाडताना लोखंडी गोळ्याचे आघात त्यावरून उसळून परत येऊ लागले आणि अखेर ते कापून काढावे लागले. चंद्राच्या काल्पनिक सफरीचेही तसेच झाले. १९६९ मध्ये मानव प्रत्यक्ष चंद्रावर उतरला आणि या सफरीचे नावीन्य ओसरले. १९७५ मध्ये तिच्या जागी मंगळाची सफर आली. वस्तू मोडकळीस येण्यापूर्वीच तिच्यामागची कल्पना जुनी होऊ शकते, ही थीम पार्कची खास अडचण आहे.

संघटित विरोधाचे प्रसिद्ध उदाहरण फ्लॉरिडातील वॉल्ट डिझ्नी वर्ल्ड येथे घडले. केनेथ ग्रॅहम यांच्या द विंड इन द विलोज (१९०८) या बालकादंबरीतील बेडूकपात्रावर आधारलेली ‘मिस्टर टोड’ची सफर तेथे १९७१ पासून चालू होती. ती बंद होणार असल्याची वार्ता १९९७ च्या अखेरीस पसरताच चाहत्यांनी कंपनीकडे निषेधाची पत्रे पाठविली. हिरवे सदरे घालून त्यांनी उद्यानातच शांततापूर्ण मेळावे भरविले. तरीही ७ सप्टेंबर १९९८ रोजी ही सफर बंद झाली आणि १९९९ मध्ये त्या जागी ‘विनी द पू’ या अस्वलाच्या कथांचे आकर्षण सुरू झाले. नव्या आकर्षणातील एका चित्रात टोड आपल्या जागेचे खरेदीखत घुबडाच्या हाती देताना दाखविला आहे. जवळच्या ‘भुतांच्या वाड्या’तील पाळीव प्राण्यांच्या दफनभूमीतही त्याची मूर्ती बसविण्यात आली. चाहत्यांना सफर वाचविता आली नाही. मात्र तिची खूण कंपनीला राखावी लागली. डिझ्नीलँडमधील मिस्टर टोडची मूळ सफर यानंतरही चालू राहिली.

उभय पक्षांचे मुद्दे : जुनी यंत्रे दुरुस्त करणे कठीण होते, त्यांचे सुटे भाग दुर्मिळ होतात, सुरक्षिततेच्या अपेक्षा वाढतात, जागा मर्यादित असते आणि नव्या पिढीस नवी पात्रे हवी असतात, असे बदलाचे समर्थक सांगतात. उद्यान म्हणजे संग्रहालय नव्हे, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद होय. विरोधकांच्या मते एकाच सफरीत आजोबा व नातू यांनी लागोपाठ बसणे, हीच अशा स्थळाची खरी संपत्ती आहे. ती एकदा मोडल्यावर पुन्हा उभारता येत नाही.

तथापि चाहते केवळ जुन्याचे कैवारी असतात, असे नाही. फ्लॉरिडातील एका डिझ्नी उद्यानात २००१ मध्ये सु. ३७ मी. उंचीची जादूगाराची टोपी उभारली गेली. तिच्यामुळे हॉलिवुडच्या चिनी नाट्यगृहाची उद्यानातील प्रतिकृती झाकली गेली, म्हणून अनेक चाहत्यांना ती खटकत होती. २०१५ मध्ये ती काढण्यात आली, तेव्हा त्यांनी समाधान व्यक्त केले.

स्मृती आणि न्याय : या वादास सामाजिक आशय प्राप्त झाला तो ‘स्प्लॅश माउंटन’ या जलसफरीमुळे. डिझ्नीलँडमध्ये १९८९ साली सुरू झालेली ही सफर साँग ऑफ द साउथ (१९४६) या चित्रपटावर आधारलेली होती. यादवी युद्धानंतरच्या दक्षिणेतील मळ्यांवरील कृष्णवर्णीयांचे जीवन सुखासमाधानाचे भासविल्याबद्दल त्या चित्रपटावर प्रथमपासून टीका होत आली होती. वर्णद्वेषविरोधी आंदोलनाच्या काळात, जून २०२० मध्ये, सफरीचे कथानक बदलण्याचा निर्णय कंपनीने जाहीर केला. फ्लॉरिडा व कॅलिफोर्निया येथील सफरी २०२३ मध्ये बंद झाल्या. २०२४ मध्ये त्याच ठिकाणी, जलमार्ग व मोठी उतरण कायम ठेवून, द प्रिन्सेस अँड द फ्रॉग (२००९) या चित्रपटातील टियाना या कृष्णवर्णीय नायिकेची कथा सुरू झाली. बालपणीचा ठेवा हिरावला गेला, असे काहींना वाटले. तर त्याच ठेव्यात आपल्या पूर्वजांच्या दुःखाची उपेक्षा झाली होती, असे इतरांचे म्हणणे होते. सामूहिक आठवण सर्वांची सारखी नसते, हे या प्रसंगाने उघड केले. यंत्र टिकवून कथा बदलण्याचा मध्यममार्गही त्यातून पुढे आला.

असा मध्यममार्ग प्रत्येक वेळी स्वीकारला जातोच, असे नाही. फ्लॉरिडातील ‘अमेरिकेच्या नद्या’ हा कृत्रिम जलप्रवाह, त्यातील टॉम सॉयर बेट आणि चाकाची आगबोट ही आकर्षणे कार्स (२००६) या चित्रपटावरील नव्या विभागासाठी जुलै २०२५ मध्ये कायमची बंद करण्यात आली. या नदीकाठी रांग नसे आणि वेगही नसे. उद्यानातील गर्दीपासून घटकाभर विसावा देणारी ती जागा होती. प्रवाशांच्या संख्येवरून असा विसावा मोजता येत नाही. त्यामुळे जमाखर्चात त्याला स्थान मिळणे कठीण असते. कोनी आयलंडच्या सायक्लोनला निदान कायद्याचा आधार लाभला. खाजगी उद्यानातील नदीच्या बाजूने मात्र तिच्या काठी बसलेल्या माणसांची आठवण एवढाच पुरावा राहतो.